कडेपासून साडेचार अंश

सापगाव,
१२ जानेवारी २०२५

प्रिय प्रेमा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच चुलीत घातलं नसशील असं धरून लिहायला बसलेय. फोन तर तू माझ्यासाठी नऊ वर्षांपूर्वीच बंद केलास. मागच्या आठवड्यात मुरबाडच्या एसटी स्टँडवर कुणाली भेटली, कॉलेजात आपल्या मागच्या बाकावर बसायची ती. तिच्याकडून कळलं की तू टोकावड्याजवळच्या आश्रमशाळेत विज्ञान शिकवतेस आणि शनिवार-रविवारी वाडीवर घरी जातेस. इथून तुझी शाळा दोन तासांवर आणि मी पोस्टाने पत्र धाडतेय. हस खुशाल. मलाही हसू येतंय.

मी इथे आईसाठी आलेय. दिवाळीनंतर गोठ्यात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून ओटीपर्यंत जाते आणि जाताना वॉकरला शिव्या देते. मी बंगळूरच्या संस्थेतून सहा महिन्यांची रजा काढलीय. शेखर म्हणतो, ताई, तू आलीस त्यापेक्षा नर्स परवडली असती, ती निदान गप्प बसते. तो तुला भट्टीवाली म्हणायचा, आठवतं? परवा आईनेच तुझा विषय काढला.

"ती तुझी प्रेमा येत नाय ती? तुमचा काय बिनसला?"

"काय नाय गो आई."

"काय नाय म्हंजे कायतरी हाय," असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. तिला फसवणं मला कधी जमलेलं नाही.

इथे वेळ फार असतो. जुनं आठवत बसते. मुंबईतली संस्था, आपली हॉस्टेलची खोली, तू आठ-आठ दिवस भट्टीपाशी बसून काळे स्फटिक वाढवायचीस आणि मी ते परदेशातल्या यंत्रावर नेऊन मोजायचे. तुझ्या वाडीवर मी पहिल्यांदा आले तेव्हाचं तर काल घडल्यासारखं दिसतं. जैतूबाबा अंगणात कणगीसाठी बांबू चिरत होते. तू खिशातून एक स्फटिक काढून त्यांच्या तळहातावर ठेवलास. नखाएवढा, अभ्रकासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा. त्यांनी तो उन्हात धरला, फिरवला आणि विचारलं, "याचा धागा कंच्या अंगानं हाय?" मला कळेचना. मग त्यांनी बांबूचं कापलेलं टोक दाखवलं. म्हणाले, "कापल्याली कड बघू नको, पोरी. कड कोयत्यानं केल्याली. धागा बांबूचा सोताचा आसतो. कोयता धाग्याला लाव, कडंला लावला का कामटी फुकट." मला त्यांनी एक कामटी चिरायला दिली. मी ती फुकट घालवली, आणि तुझी आई, रखमीमावशी, पदर तोंडाला लावून हसली.

एक छोटं काम होतं. तुझी भट्टीची वही तुझ्याकडेच असेल. त्यातली सतरा नंबरच्या कांडीची पानं मला पाठवशील का? झेरॉक्स चालेल. काही खास नाही, आठवण म्हणून हवीत.

बाबांना नमस्कार सांग. ते मला दुसरी लेक म्हणायचे. अजून म्हणतात का, हे विचारायचा धीर नाही.

समीक्षा


सापगाव,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रेमा,

उत्तर नाही. बरोबर आहे. मी असते तर मीही दिलं नसतं, उलट दोन शब्द ऐकवले असते. तू ऐकवत नाहीस, तेच तुझं वाईट.

मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. आठवण म्हणून पानं हवीत म्हणाले, ते खोटं. डिसेंबरात मला जर्मनीतल्या एका संशोधकाची मेल आली. आपल्या अतिवाहकांमधल्या फटीच्या आकारावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जेवढं काम झालं त्याचा तो मोठा आढावा लिहितोय. त्यात एक तक्ता आहे. कर्णाच्या दिशेने फट शून्य होत नाही, असं ज्यांनी ज्यांनी छापलं आणि पुढे ज्यांचं चुकीचं ठरलं, त्या सगळ्यांची यादी. शेजारी कारणाचा रकाना. आपल्या २०१५च्या पेपरपुढे त्याने लिहिलंय: 'सदोष स्फटिक.' आणि स्फटिक कोणी वाढवले त्या रकान्यात तुझं नाव. हे बरोबर आहे ना, एवढंच त्याला माझ्याकडून हवंय. एकदा छापलं की पुढची वीस वर्षं या विषयात येणारा प्रत्येक जण तो तक्ता बघणार. प्रेमा म्हणजे खराब स्फटिक.

आईने विचारलं, एवढी काय त्या कॉम्प्युटरात तोंड घालून बसतेस. मी म्हटलं, चल, आज तुला सांगतेच. अमुक इतकं थंड केलं की या काळ्या दगडातून वीज काहीही न झिजता वाहते. किती थंड, तर शून्याखाली एकशेऐंशी. त्याला आम्ही 'उच्च तापमान' म्हणतो, कारण आधीचे तर याहून थंड करावे लागायचे. यावर ती इतकी हसली की खुबा दुखला. मग सांगितलं की आत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात. जोडी तोडायची तर किंमत मोजावी लागते, त्या किमतीला आम्ही फट म्हणतो. जुन्या अतिवाहकांत कुठल्याही दिशेने जा, किंमत तीच. यांच्यात तसं नाही. आत तांबं-ऑक्सिजनची चौकोनी जाळी असते, मच्छरदाणीसारखी. जाळीच्या दोऱ्याच्या दिशेने फट सर्वांत मोठी. तिथून कर्णाकडे वळत गेलं की कमी कमी होत जाते, आणि नेमक्या कर्णावर शून्य. कागदावर काढलं तर चार पाकळ्यांचं फूल होतं.

आईने पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "म्हंजे एका अंगानं लय घट्ट जोडी, नि एका अंगानं फुकटात सुटते?"

"हो."

"मंग ती कंच्या अंगानं बघितली त्यावर हाय सगळा."

प्रेमा, मी इतकी वर्षं पोरांना हे शिकवतेय. एकानेही इतकं सरळ म्हटलेलं नाही. सगळं त्यावरच आहे. कर्ण म्हणून तुम्ही जिथे बोट ठेवलंत तो खरा कर्णच नसेल, तर शून्य दिसणारच नाही. काहीतरी बारीक फट दिसेल आणि तुम्ही नाचत सुटाल की आम्हाला नवीन सापडलं.

आपण नाचलो होतो. आपल्या गाइडसरांनी संस्थेत पेढे वाटले होते.

आता वही का हवी ते उघडच सांगते. भट्टीच्या नोंदीत काही सापडतं का ते मला बघायचं होतं. ऑक्सिजन कमी पडला असेल, मध्ये वीज गेली असेल, कांडी वाकली असेल. काही सापडलं असतं तर त्या माणसाला 'हो, बरोबर' असं लिहून मी मोकळी झाले असते. असा माझा विचार होता. लिहून वाचायला फार वाईट दिसतोय, पण होता. त्याने फेब्रुवारीअखेरची मुदत दिलीय.

समीक्षा


सापगाव,
२ मार्च २०२५

प्रिय प्रेमा,

पाकीट पोचलं. आत एक अक्षर नाही, नुसती अकरा पानं. खाली तुझ्या शाळेतल्या झेरॉक्सची काळी पट्टी. आधी मला रागच आला. म्हटलं, 'कशी आहेस' एवढं लिहायला काय शाई महाग झाली होती? मग पानं वाचायला घेतली आणि राग कुठल्या कुठे गेला.

ऑक्सिजन बरोबर. वीज एकदाही गेली नाही. कांडी सरळ. प्रत्येक तासाला तुझी नोंद आहे, पहाटे चारलासुद्धा. शेवटच्या तीन पानांवर कांडीतून निघालेल्या प्रत्येक स्फटिकाचं पेन्सिलीने काढलेलं चित्र. एक्स-रेने जाळीची दिशा बघून तू प्रत्येकावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचीस. खोलीत त्या बाटलीचा वास यायचा आणि मुली चिडवायच्या की प्रेमाला कोण बघायला येणार आहे. चित्रात ठिपका आहे, ठिपक्यापासून बाण आहे, आणि स्फटिकाची सरळ कड त्या बाणापासून किती तिरकी ते लिहिलंय. मी नेला होता त्या स्फटिकाखाली लिहिलंय: 'कडेपासून साडेचार अंश. कड धरू नये.'

कड धरू नये. अधोरेखित, दोनदा.

मी शेखरच्या पोरीचा कोनमापक घेतला आणि हिशोब केला. कर्णापासून साडेचार अंश बाजूला सरकून मोजलं तर या पदार्थात फट किती दिसायला हवी? साडेपाच मिलीइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. आपण २०१५मध्ये छापलेला आकडा काढून बघितला. साडेपाच. तीनदा केलं. बाहेर आई हाक मारत होती, तिला तसंच बसवून ठेवलं आणि चौथ्यांदा केलं.

याचा अर्थ तुला कळतो. तुला तर तेव्हाच कळला होता.

मला तुला पुष्कळ लिहायचंय. पण आज होणार नाही. फिजिओथेरपीवाली यायची वेळ झालीय, आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण आहे. दहा एप्रिलला संस्थेत माझी मुलाखत आहे, विभागप्रमुखाच्या जागेसाठी. ती होऊ दे. त्या जर्मन माणसाकडे मी एप्रिलअखेरपर्यंत मुदत मागितली आणि त्याने दिलीही. बिचाऱ्याने आईच्या तब्येतीची चौकशी केली, कारण मी तिच्या खुब्याचं निमित्त सांगितलं होतं.

उरलेलं पुढच्या पत्रात लिहिते. नक्की लिहिते.

समीक्षा


सापगाव,
२० एप्रिल २०२५

प्रेमा,

आता आडवळणं नाहीत. मधे कोणी हाक मारली तर उठणार नाही असं ठरवून बसलेय.

तू मुंबईला तो स्फटिक तांब्याच्या खुंटीवर चिकटवून दिला होतास, ठिपका खुंटीवरच्या रेघेला लावून. मी तो इटलीला नेला. यंत्रात घालताना तो चिमट्याचा धक्का लागून खुंटीवरून निसटला. तुटला नाही, नुसता सुटला. मी तो उचलला. खाली जुना गोंद लागला होता म्हणून तो ॲसिटोनने पुसला. नेलपॉलिश ॲसिटोनने जातं हे हॉस्टेलातल्या कुठल्याही मुलीने सांगितलं असतं. तुझा ठिपका माझ्या डोळ्यांसमोर बोळ्यात उतरला.

तुला फोन करता आला असता. तू वही उघडून अर्ध्या मिनिटात सांगितलं असतंस. पण मला लाज वाटली, आणि यंत्रावरचा आपला वेळ संपत होता. स्फटिकाला एक कड होती, आरशासारखी सरळ. मी ती रेघेला लावली आणि चिकटवला. तुझ्या अंगणात जैतूबाबांनी बोट ठेवून सांगितलेली चूक मी तशीच्या तशी केली. वेळ कमी म्हणून मोजलंसुद्धा कर्णाच्या एकाच बाजूला. दुसरी बाजू तशीच असणार असं धरून चित्र पुरं केलं. दुसऱ्या बाजूला पाच अंश जरी गेले असते तरी शून्य तिथे सापडलं असतं. नोंदवहीत यातलं काहीच लिहिलं नाही.

एवढ्याला चूक म्हणता येईल. पुढचं चूक नाही.

दुसऱ्या दोन गटांनी आपलं खोडून काढलं, तेव्हा सरांनी आपल्या दोघींना खोलीत बोलावलं. मला विचारलं, "नमुना मध्ये कधी निघाला होता का?" मी म्हटलं, "नाही, सर." तू माझ्या शेजारी बसली होतीस. तू म्हणालीस, "सर, कोन तपासा, स्फटिक बरा आहे." सर म्हणाले, आपल्या भट्टीची चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये. तू माझ्याकडे बघितलंस. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते, निळ्या फुलाचा होता. महिन्याभरात तुझ्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ नाकारली गेली.

त्यानंतर मी पुन्हा इटलीला गेले. सरांनी सांगितलं चांगला स्फटिक घेऊन जा. आपल्याकडे दुसरा कुठला होता? त्याच सतरा नंबरच्या कांडीतला, तूच आधी चिकटवून ठेवलेला, ठिपका शाबूत. कर्णावर शून्य आलं. स्वच्छ, सुरेख शून्य, चारही बाजूंनी. त्या क्षणी मला सगळं कळलं. पेपरात मी लिहिलं, 'अधिक चांगल्या प्रतीचा स्फटिक'. कांडी तीच, हे लिहिलं नाही. पुरवणीच्या तक्त्यात कांडीचा नंबर चुकून तसाच राहिला, तोच त्या जर्मन माणसाला दिसला, म्हणून त्याने खात्री करायला मला लिहिलं. त्याच पेपरावर मला डिग्री मिळाली, आणि पुढचं सगळं.

मी परत आले तेव्हा तू अजून हॉस्टेलमध्ये होतीस. चार दिवस. तू सामान बांधत होतीस. पहिल्याच दिवशी तू विचारलंस, "काय आला गो?" मी म्हटलं, "अजून बघायचंय." चार दिवस आपण एका खोलीत झोपलो. तुझी ट्रंक मी जिन्यावरून खाली आणायला मदत केली. तू रिक्षात बसताना माझा हात धरलास आणि मी तो सोडवून घेतला. मला भीती वाटली की आणखी क्षणभर धरलास तर तोंडातून निघून जाईल. तुला वाटलं असेल, मी तुला टाकली. टाकलीच होती.

जर्मनीला आणि पेपर छापणाऱ्या मासिकाला मी सगळं लिहून पाठवलंय. स्फटिक निर्दोष होता, दिशा मी चुकवली, आणि विचारल्यावर खोटं बोलले. तुझ्या वहीची पानं सोबत जोडली. तक्त्यातला रकाना बदलेल. सरांना फोन केला. ते निवृत्त आहेत, कान थोडे गेलेत. म्हणाले, आता हे कशाला उकरतेस? मग म्हणाले, ती मुलगी हुशार होती. मी फोन ठेवला.

आणि हेही लिहून टाकते, म्हणजे काही राहणार नाही. ती विभागप्रमुखाची जागा मला मिळाली. पंधरा तारखेला कळलं. पत्रं मी अठराला पाठवली. मुलाखतीच्या आधी पाठवायचा धीर झाला नाही आणि नंतरचे तीन दिवस पेढे खाण्यात गेले. आता ती जागा राहील की जाईल ठाऊक नाही. जावी असंही वाटतं, आणि गेली तर मी रडेन हेही कळतं.

तू म्हणशील त्या दिवशी मी वाडीवर येईन. तुला नको असेन तर तुझ्याकडे बघणारही नाही. पण जैतूबाबांसमोर बसून सांगेन. त्यांनी मला लेक म्हटलं होतं, त्यांना माझ्या तोंडून कळू दे.

समीक्षा


वाडी, टोकावडे,
४ मे २०२५

समीक्षा,

चारही पत्रं मिळाली. सुट्टी लागली म्हणून आता लिहिते.

बाबा गेले. शिमग्याच्या तिसऱ्या दिवशी, सोळा मार्चला. दम्याचं होतंच, यंदा थंडी सोसली नाही. तुला कळवायला हवं होतं, पण काय कळवू ते सुचलं नाही.

मी मुंबईहून ट्रंक घेऊन आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काय चुकला?" मी सांगितलं, माझाच हात चुकला, दिशा बघितली नाही. तुझं नाव घेतलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने सापगावला तुमच्या दारात उभे राहिले असते. ते मला नको होतं. मला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांत तू स्वतःच सांगशील. मग वर्ष झालं. मग मी सांगितलं असतं तर ते रडगाणं वाटलं असतं.

ते रागावले नाहीत. पण मनात धरून बसले. आयुष्यभर बांबू चिरला आणि पोरीला धागा बघायला शिकवता आलं नाही, असं त्यांना वाटायचं. भाकरी करपली, एसटी चुकली, काही झालं तरी म्हणायचे, "कडंला लागलीस ना परत?" हसून म्हणायचे. मी पण हसायची. नऊ वर्षं.

तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवायची. पहिल्या पत्रात तू त्यांचं बांबूचं बोलणं लिहिलंस, ते ऐकून खूश झाले. म्हणाले, "ध्यानात हाय तिच्या." पुन्हा दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या पत्रातली तुझी आई त्यांना फार आवडली. त्यातलं वहीचं मी वाचलं नाही, वगळलं. तिसरं पत्र आलं तेव्हा ते झोपूनच होते, मी रजा घेऊन घरी होते. 'कड धरू नये' हे ऐकल्यावर त्यांनी डोळे उघडले. "ह्ये तू लिवल्याला?" मी हो म्हटलं. "मंग चुकला कोन?" मी म्हटलं, "पुढच्या पत्रात लिहिते म्हणालीय ती." तर म्हणाले, "त्या पोरीच्या पोटात कायतरी हाय. येल ना लवकर?" मी म्हटलं, येईल. रोज संध्याकाळी विचारायचे, पोस्टमन आला होता का.

मला सांगता आलं असतं. ओठांवर आलं होतं. पण तू सांगायला हवं होतंस. त्या हट्टात दहा-बारा दिवस गेले आणि ते गेले. हे मी तुझ्यावर लोटत नाही, माझ्याही वाटणीचं आहे. पण तू मुलाखतीसाठी थांबलीस ते दिवस हेच होते, ते तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

चौथं पत्र मी शाळेच्या टाकीमागे बसून एकटीने वाचलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. नववीच्या मुलांचा पेपर तपासायचा होता तो मी त्या दिवशी हसत हसत तपासला. संध्याकाळी घरी आले, पत्र पिशवीत होतं, आणि दारात आल्यावर लक्षात आलं की आता वाचून दाखवायला कोणी नाही.

तक्त्यात नाव नीट आलं तर चांगलंच आहे. ते छापून आलं की एक प्रत पाठव. तुझी जागा गेली तर मला आनंद होणार नाही आणि राहिली तरी राग नाही. ते तुझं तू बघ.

माझ्या आईला यातलं काहीच माहीत नाही. तिला लिहिता-वाचता येत नाही आणि ती विचारत नाही. एक गोष्ट मात्र तुला सांगून ठेवते. आई दर दिवाळीनंतर नव्या तांदळातला पायलीभर तुझ्या नावाने बाजूला काढते. हातसडीचा, निवडून, फडक्यात बांधून देते. समीला मुरबाडला तिच्या भावाच्या हाती दे, म्हणते. मी घेऊन निघते आणि शाळेच्या स्वयंपाकघरात देते, मुलं खातात. घरी आले की ती विचारते, आवडला का गो तिला? मी म्हणते, आवडला. नऊ वर्षं म्हणतेय. गेल्या दिवाळीत हात थरथरतात तरी तिने सडला.

तू यायचं म्हणतेस. ये. बाबांच्या जागी ती बसलेली असते, अंगणात. तुला बघितल्याबरोबर ती पहिलं तेच विचारेल, तांदूळ कसा होता. काय सांगायचं ते ठरवून ये.

प्रेमा